कामगाराच्या कानाची किंमत कोण देणार?

यंत्रात बोट सापडले तर रक्त सांडते. आजूबाजूचे कामगार धावत येतात, मुकादम येतो, अपघाताच्या वहीत नोंद होते आणि मालकाला, त्याची इच्छा असो वा नसो, कायद्याला तोंड द्यावे लागते. परंतु त्याच यंत्राच्या आवाजाने कामगाराचा कान जातो तेव्हा रक्ताचा एक थेंबही सांडत नाही. तो कान एका दिवसात जात नाही. पाळीमागून पाळी, वर्षामागून वर्ष तो झिजत जातो, आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. शेवटी कामगार घरी येऊन बसतो तेव्हा शेजारी म्हणतात, "वय झाले." मालक म्हणतो, "वय झाले." आणि ज्या सरकारने या रोगाला आपल्या कायद्यात नाव घेऊन जागा दिली आहे, त्या सरकारचा अधिकारीही कागदावर तेच दोन शब्द लिहून मोकळा होतो. या दोन शब्दांना हरकत घेण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

हरकत घेण्याचे कारण मला माझ्या वकिलीतच मिळाले. पत्रा ठोकण्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षे प्रेसवर काम केलेले आपल्या समाजातील एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी पत्नीसह माझ्याकडे आले. त्यांचा विम्याचा दावा फेटाळला गेला होता. कागद पाहिला तर त्यात वैद्यकीय मंडळापुढे त्यांनी दिलेली उत्तरे नोंदलेली होती. लहानपणापासून कान दुखत होते काय? हो. घरात आणखी कोणी बहिरे आहे काय? हो. कारखान्यात कानाला संरक्षण दिले होते काय? हो. वाचून मी चकित झालो आणि मोठ्याने विचारले, "असे तुम्ही कसे म्हणालात?" त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलविली आणि म्हणाले, "हो." तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "साहेब, ह्यांना ऐकू येत नाही म्हणून हे सगळ्याला हो म्हणतात. घरीसुद्धा तेच. नाही म्हटलं तर माणसं पुन्हा विचारतात ना."

बहिरेपणाचा दावा करणाऱ्या माणसाला हलक्या आवाजात प्रश्न विचारावयाचे, त्याने न ऐकता दिलेला होकार त्याची कबुली म्हणून लिहून घ्यावयाचा, आणि त्या कबुलीच्या आधारे तो बहिरा कारखान्यामुळे झाला नाही असे ठरवावयाचे! यात कोणाची दुष्ट बुद्धी होती असे मी म्हणत नाही. टेबलामागे बसलेल्या माणसाला घाई होती, एवढेच मी म्हणतो. पण त्या घाईची किंमत कोणी मोजली? आम्ही अपील केले, प्रश्न लेखी द्यावेत अशी विनंती केली, तपासणी पुन्हा झाली आणि काही टक्केवारी पदरात पडली. मधली चार वर्षे मात्र गेली. त्या चार वर्षांत त्यांच्या मुलीचे शिक्षण सुटले. ती भरपाई कोणत्याच परिशिष्टात लिहिलेली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मोठ्या आवाजाने कान जातो ही काही आज लागलेला शोध नव्हे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांच्या बहिरेपणाची नोंद आहे. पुण्याच्या तांबट आळीत ज्याचे बालपण गेले असेल त्याला ही गोष्ट सांगावयास इटलीच्या वैद्याचीही गरज नाही. विज्ञानाने पुढे एवढेच दाखविले की हे घडते कसे. कानाच्या आतील शंखासारख्या भागात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात आणि एकदा मेलेल्या पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. आरंभी सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासचा तीक्ष्ण स्वर ऐकू येईनासा होतो. त्यामुळे स, श, त, क, फ ही व्यंजने हरवतात. कामगाराला वाटते, ऐकू तर येते, पण लोक पुटपुटतात. कानात रात्रंदिवस शिट्टी वाजत राहते, झोप लागत नाही. घरातील माणसे चिडतात, मुले हसतात, आणि हळूहळू तो सभेत, लग्नात, विहारात मागच्या भिंतीला टेकून बसू लागतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की या नुकसानीचा मोठा भाग कामाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होऊन जातो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

सरकारला हे ठाऊक नाही काय? चांगले ठाऊक आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, १९४८ च्या राज्य विमा कायद्याच्या तशाच यादीत, आणि १९८७ च्या दुरुस्तीनंतर कारखाने कायद्यातील कळवावयाच्या रोगांच्या यादीत, आवाजाने आलेले बहिरेपण नावानिशी आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या अमलात आल्या. त्या संहितांच्या याद्यांतही हा रोग कायम आहे. म्हणजे जुन्या कायद्यांपासून आजच्या संहितेपर्यंत सरकार कागदावर कबूल करीत आले आहे की हा रोग कामामुळे होतो.

इतकेच नव्हे. या कायद्यात कामगाराच्या बाजूने एक मोठे अनुमान आहे आणि ते प्रत्येक कामगाराच्या घरात पाठ असावयास हवे. आवाजाच्या कामावर एका मालकाकडे सलग सहा महिने नोकरी केलेल्या कामगाराला हा रोग जडला, तर तो कामामुळेच जडला असे कायदा धरून चालतो. तसे नाही हे दाखविण्याचे ओझे दुसऱ्या बाजूवर आहे. नव्या संहितेनेही हे तत्त्व सोडलेले नाही. मग "हे वयामुळे नाही हे सिद्ध कर" असे कामगाराला विचारण्याचा अधिकार कोणाला, कोणी व केव्हा दिला? कायदा ज्याच्या डोक्यावरून ओझे उतरवितो, त्याच्याच डोक्यावर कचेरी ते पुन्हा ठेवते. या उलट्या न्यायाला व्यवहार असे गोंडस नाव देण्यात आले आहे.

हे ओझे किती रुपयांचे आहे तेही पाहू. जो कामगार राज्य विमा योजनेत नाही, त्याला मालकाकडून भरपाई मिळावयास हवी. त्याचे वय ४५ आणि पगार महिना १२,००० रुपये धरा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला ४५ वर्षे वयाच्या १६९.४४ या गुणकाने गुणिले की १२,१९,९६८ रुपये होतात. ही पूर्ण व कायम अपंगत्वाची रक्कम झाली. दोन्ही कानांचे संपूर्ण बहिरेपण हे कायद्याने पूर्ण अपंगत्वच मानले आहे. कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे ठरले तर ३,६५,९९० रुपये. जो विमा योजनेत आहे त्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. पण कायम अपंगत्वाचा लाभ त्याला आयुष्यभर मिळतो. रोजची सरासरी मजुरी ४०० रुपये असेल तर तिच्या ९० टक्के म्हणजे ३६० रुपये, आणि ३० टक्के नुकसान ठरल्यास रोजचे १०८ रुपये, मरेपर्यंत. ही भीक नव्हे. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी या योजनेत जाते. ज्याच्या पगारातून पैसे कापले गेले तो आपल्याच पैशाच्या दारात याचक म्हणून उभा का राहावा?

तरीही तो उभा आहे. का? कारण दाव्याची सगळी इमारत एका कागदावर उभी असते आणि तो कागद त्याच्याजवळ नसतो. तो कागद म्हणजे नोकरीस लागतानाची श्रवणचाचणी. मालकाचा वकील उठतो आणि विचारतो, "कशावरून कान आमच्याकडे येण्यापूर्वीच गेलेला नव्हता?" कामगार गप्प बसतो. त्याला प्रश्न ऐकूही आलेला नसतो. वैद्यकीय मंडळही तेच विचारते. परंतु ही चाचणी करावयाची होती कोणी? कारखाने कायद्याखालील आदर्श नियमांत स्पष्ट तरतूद होती: मर्यादेबाहेरच्या आवाजात काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराची श्रवणतपासणी कामास लागल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि त्यानंतर दर १२ महिन्यांनी, आणि तीही सर्टिफाइंग सर्जनकडून. म्हणजे पहिला कागद तयार करविण्याचे कर्तव्य मालकाचे, तो तयार झाला की नाही हे पाहण्याचे कर्तव्य सरकारी निरीक्षकाचे, आणि तो नसल्याची शिक्षा मात्र कामगाराला!

साक्षीपुराव्याच्या कायद्याचे एक जुने तत्त्व आहे. जो पुरावा एखाद्याला हजर करता आला असता आणि त्याने केला नाही, तो त्याच्या विरुद्ध गेला असता असे अनुमान न्यायालय काढू शकते. १८७२ च्या कायद्याच्या ११४ व्या कलमात ते होते, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आले आहे. सावकाराने वह्या दडविल्या तर हे तत्त्व लावतात. मालकाने चौदा दिवसांची तपासणी केलीच नाही, तर हेच तत्त्व त्याला का लागू नये? माझे स्पष्ट म्हणणे आहे की ज्या मालकाकडे आरंभीच्या तपासणीचा कागद नाही, त्याला "कान आधीच गेला होता" हा बचाव तोंडातून काढण्याचाही हक्क असू नये.

आता नव्या संहितांकडे पाहू. त्या अमलात येताना केंद्र सरकारने मोठ्या अभिमानाने जाहीर केले की चाळीस वर्षांवरील सर्व कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी मिळेल. तपासणी मोफत मिळते ही गोष्ट चांगलीच आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण कानाच्या बाबतीत तिचा अर्थ काय? वर जे ध्यानात ठेवावयास सांगितले ते आता आठवावे. मुलगा विसाव्या वर्षी यंत्रावर उभा राहतो. त्याच्या कानाचा मोठा भाग तिशी-पस्तिशीतच संपतो. आणि सरकारची मोफत तपासणी त्याला चाळिशीनंतर भेटावयास येते. त्या तपासणीत श्रवणचाचणी झाली तरी ती त्याच्या कानाची रक्षा करणार नाही, गेलेल्या कानाचा पंचनामा तेवढा करील. आणि तो पंचनामा पाहून मालक पुन्हा विचारील, "कशावरून आमच्याकडे गेला?" चौदा दिवसांची जागा चाळीस वर्षांनी घेऊ नये, एवढी साधी गोष्ट नियम करणाऱ्यांना बजावून सांगावी लागेल. आवाजाच्या कामासाठी आरंभीची व वार्षिक श्रवणचाचणी नव्या नियमांत प्रत्येक राज्यात शब्दशः राहिली पाहिजे. ती गळाली तर रोग यादीत राहील आणि हक्क मात्र नाहीसा होईल.

दुसरी गोष्ट व्याख्येची. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार असले की ती जागा कारखाना ठरत असे. नव्या संहितेत तो आकडा २० झाला आहे. दहाच्या वर असलेली आस्थापना संहितेखाली येते हे खरे, पण कारखान्यासाठी असलेली खास बंधने तिला लागू पडत नाहीत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या शेडी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा आकड्यांचा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. एका छपराखाली माग खडखडत असतात, शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागते, बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात. आणि कायद्याचा तक्ता काय सांगतो? ९० डेसिबल आवाजात आठ तास, ९५ मध्ये चार तास, १०० मध्ये दोन तास, ११५ च्या वर क्षणभरही नाही. त्या तक्त्यात बारा तासांचा रकानाच नाही! आणि हा तक्ताही उदारच म्हणावयाचा, कारण इंग्लंडमध्ये २००५ च्या नियमांनी दिवसाच्या सरासरीने ८५ डेसिबललाच मालकावर कानाच्या संरक्षणाची सक्ती केली आहे.

यंत्रमागाचे नाव निघाले म्हणून एका जुन्या गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार अधिक होता आणि नेमक्या त्याच खात्यात आपल्या लोकांना मज्जाव होता. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा स्पृश्याला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आज तशी बंदी कोणी घालू शकत नाही. परंतु १९८२ च्या संपानंतर कापडाचा धंदा गिरणीतून निघून मोठ्या प्रमाणात शेडीत गेला, जेथे हजेरीपट नाही, विम्याचे कार्ड नाही, डॉक्टर नाही. पगार होता त्या जागी जात आड आली. आता केवळ आवाज उरला त्या जागी कायदाच पोहोचत नाही. तेथे राबणारा कामगार आज कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा, हे विचारण्याचे कारण नाही. ज्याचा कान जातो तो आपला.

आणि येथे सरकारच्या हाती उपाय नाही असेही नव्हे. सामाजिक सुरक्षा संहितेने केंद्र सरकारला असा अधिकार दिला आहे की धोक्याचा किंवा जीवघेणा म्हणून जाहीर केलेल्या धंद्यात एकच कामगार असला तरी तेथे राज्य विमा योजना लागू करता यावी. हत्यार म्यानात आहे. यंत्रमाग, खडी क्रशर, दगडखाणीतील ड्रिल, घणकाम आणि प्रेसकाम यांच्यासाठी ते बाहेर काढावयास हवे. दहा माणसांचा आकडा हा मालकाच्या हिशेबाचा आकडा आहे. कानाला तो ठाऊक नाही.

या योजनेविषयी आपल्याला अधिकाराने बोलता येते, कारण तिच्या पायाभरणीत आपल्या उद्धारकर्त्याचा हात आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ साली सादर केला. त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे योजनेचा आरंभ झाला. आजारी किंवा जायबंदी कामगार मालकाच्या दयेवर राहू नये, हे त्या योजनेचे मूळ. त्या योजनेच्या मंडळापुढे कामगार दयेची याचना करीत असेल तर योजनेचे नाव तेवढे उरले, प्राण गेला, असे म्हणणे भाग आहे.

मालकवर्गाचे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की आम्ही कानात घालण्यास बोळे देतो, कामगारच वापरीत नाहीत. बोळे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आदर्श नियमांनीही आधी यंत्राचा आवाज कमी करण्यास, नाहीतर कामाच्या वेळा व पाळ्या बदलण्यास सांगितले. सैल झालेला भाग घट्ट करा, यंत्राखाली रबर घाला, आवाजाला आडोसा करा, माणसे आळीपाळीने बदला. हे काही न करता दोन रुपयांचा बोळा हातावर ठेवून कर्तव्य संपले असे म्हणावयाचे आणि त्याची सही घ्यावयाची, याला संरक्षण म्हणत नाहीत, पुढच्या दाव्याची तयारी म्हणतात. बोळा घातला की सोबत्याची हाक आणि यंत्राचा बदललेला सूर ऐकू येत नाही. ते ऐकू आले नाही तर हात जातो. हात वाचविण्यासाठी कामगार कान देतो. त्याला बेफिकीर म्हणणाऱ्याने एक पाळी त्या जागी उभे राहून पाहावे.

दुसरा आक्षेप असा की लहान धंदे या खर्चाने बुडतील. खर्च तर आजही होतोच आहे. तो कामगाराच्या घरात होतो, त्याच्या बायकोच्या मिळकतीतून होतो, त्याच्या मुलांच्या शिक्षणातून होतो. फक्त तो मालकाच्या वहीत लिहिला जात नाही. जो धंदा माणसाचे इंद्रिय फुकट घेतल्याशिवाय चालत नाही, त्या धंद्याचा नफा हा नफा नव्हे, ते न फेडलेले कर्ज आहे.

आता, नवदीक्षित बंधुभगिनींनो, थोडे आपल्या घरातले बोलतो. आपल्या वाडवडिलांना शिकविले गेले होते की जे सोसतो ते मागील जन्मीचे. ते मत आपण टाकून दिले. दुःखाला कारण असते आणि ते कारण शोधून दूर करता येते, हा आपला मार्ग आहे. मग घरातील कर्त्या माणसाला ऐकू येईनासे झाल्यावर "नशीब" किंवा "वय" म्हणून गप्प बसणे आपल्याला शोभते काय? कारण समोर उभे आहे. त्याला डेसिबलमध्ये मोजता येते, त्याचा पत्ता माहीत आहे, त्याचे नाव पगारपत्रकावर छापलेले आहे.

म्हणून काही गोष्टी निक्षून सांगतो. घरातला मुलगा किंवा मुलगी आवाजाच्या कामावर लागत असेल तर पहिल्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात श्रवणचाचणी करून घ्या आणि तिचा आलेख जन्मदाखल्याप्रमाणे जपून ठेवा. मुंबईकरांसाठी वांद्र्याला १९८३ पासून अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. चाचणीपूर्वी आवाजापासून निदान सोळा तास दूर राहावे, म्हणून ती सुट्टीनंतरच्या सकाळी करावी. नाहीतर तात्पुरता बधिरपणा आणि कायमचा यांची गल्लत होते. दरवर्षी ती पुन्हा करा. पगाराच्या चिठ्ठ्या, विम्याचे कार्ड, हजेरीचा कोणताही कागद टाकू नका, कारण सहा महिन्यांची सलग नोकरी त्यावरूनच शाबीत व्हावयाची आहे. कान कमी ऐकतो असे कळताच मालकाला लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. १९२३ च्या कायद्यात, कामावर असतानाच हा रोग जडलेल्या कामगाराची दाव्याची दोन वर्षांची मुदत त्या लेखी सूचनेपासून मोजली जात असे. सूचना लेखी हवी हा धडा आजही तितकाच खरा आहे. नोकरी सोडल्यावर तर उशीर करूच नका.

वैद्यकीय मंडळापुढे एकट्याला पाठवू नका. सोबत घरातील वाचणारे माणूस द्या आणि प्रश्न लिहून मागा. न ऐकता "हो" म्हणू नका. "ऐकू आले नाही" हे उत्तर लाजिरवाणे नाही, तोच तर तुमचा दावा आहे. टक्केवारी नाकारली किंवा कमी दिली तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयात अपील करता येते. आणखी एक गल्लत टाळा. दिव्यांग प्रमाणपत्राची टक्केवारी वेगळी आणि कमाईची शक्ती गेल्याची टक्केवारी वेगळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढचे नुकसान असेल तरच माणूस कमी ऐकणारा ठरतो आणि ७० पासून बहिरा. त्याच्या आत असलेल्या कामगाराला ते प्रमाणपत्र मिळाले नाही, म्हणून त्याचा भरपाईचा हक्क गेला असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. जे रेल्वे, नगरपालिका किंवा इतर सरकारी आस्थापनेत आहेत त्यांनी त्याच कायद्याचे २० वे कलम वाचून ठेवावे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कामगाराला काढता येत नाही की खालच्या जागी ढकलता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते.

आणि सरकारकडे आपली मागणी चार वाक्यांची आहे. आवाजाच्या प्रत्येक कामावर चौदा दिवसांच्या आत व दरवर्षी श्रवणचाचणी नव्या नियमांत सक्तीची करा आणि तिची प्रत कामगाराच्या हातात द्या. ज्या मालकाकडे पहिली चाचणी नाही त्याचा "आधीच गेला होता" हा बचाव ऐकू नका. यंत्रमाग, खडी क्रशर व घणकाम हे धंदे धोक्याचे म्हणून जाहीर करून एका कामगारापासून विमा लागू करा. आणि बहिऱ्या माणसाला प्रश्न लेखी विचारा.

यांपैकी एकाही मागणीसाठी संसदेने नवा कायदा करण्याची गरज नाही. असलेल्या अधिकारांत नियम व अधिसूचना काढून हे सारे होऊ शकते. म्हणून "विचाराधीन आहे" हे उत्तर आपण मान्य करता कामा नये. दर पंधरवड्याला प्रत्येक वस्तीत एक संध्याकाळ ठेवा. शिकलेल्या मुलांनी आवाजाच्या कामावरील माणसांचे कागद तपासावेत, नसतील तर अर्ज लिहून द्यावेत. वर्षानुवर्षे कायदा कामगाराच्या कानाविषयी बोलत आला आहे. ज्याच्यासाठी तो बोलतो त्याला ते ऐकू जात नसेल, तर ज्यांना ऐकू येते त्यांनी ते त्याला लिहून दाखविलेच पाहिजे.